न्हाणीचे दार व हैबतरावांची भिंत

पौड पोलीस ठाणे. मार्गशीर्ष, सन १९२६.

नाव राजाबाई भ्रतार कोंडिबा शेडगे. (भ्रताराचे नाव मी उच्चारलेले नाही, शेजारी हैबतराव यांनी सांगितले.) वय अदमासे बेचाळीस. धंदा घरकाम, हवालदारांनी आधी "काही नाही" असे लिहिले होते, ते खोडावयास लावले. राहणार पिरंगुट, पेटा मुळशी, जिल्हा पुणे.

समक्ष हजर राहून सांगते ती हकीकत अशी:

आमचे घर आमच्याच किराणा दुकानाच्या मागे आहे. दुकान वाढत गेले, घर आखडत गेले. न्हाणी एवढीच राहिली की आत एकाने आंघोळ करावी, दुसऱ्याने नुसती इच्छा करावी. घरात आतून कडी लागणारी तीच एक जागा. मला आंघोळीस फार वेळ लागतो अशी मालकांची जुनी तक्रार आहे. ती खरी आहे.

मुलगी बायजा पहिल्या बाळंतपणास माहेरी आली. सुईण बानूबाई न्हाणी पाहून गेली. सुईण पाय लांब करून बसते व तान्ह्या मुलास नडग्यांवर निजवून न्हाऊ घालते. ती म्हणाली, "पाय कुटं ठिवू? पोराला काय उभं करून न्हाऊ घालू?" दार बाहेर उघडणारे करावे, असे मी सुचवले. मालक म्हणाले, "दुकानाकडं न्हाणीचं दार उघडनार व्हय? गिऱ्हाईक काय म्हनंल? आज्यापासनं आत उघडतंय."

म्हणून त्यांनी आतले सामान हलवले, दुकानात बरण्या लावतात तसे. बंब कोपऱ्यात सरकवला. पाण्याची दगडी डोणी चार माणसे लावून दारामागे बसवली. "दारामागची जागा फुकट चालली हुती," असे ते गिऱ्हाइकांनाही ऐकवत. मग स्वतः आत मांडी घालून बसले आणि जागा ऐसपैस आहे असे जाहीर केले. डोणी तेव्हा कोरडी होती. दार अर्धेच उघडू लागले, अंग चोरून आत जावे लागे. अंग चोरण्याची मला सवय आहे.

मंगळवारी सकाळी मी डोणी भरली. बानूबाई पाय पुरतात का ते बघावयास आली. पाणी घालणारी म्हणून मी आत. दार लावल्याशिवाय तिचे पाय सरळ होईनात, म्हणून लावले. फरशीखालची माती भिजली, फरशी खचली, डोणी कलली आणि दारावर रेलली. दार गच्च.

मालक दुकानातून आले. बाहेरून म्हणाले, "जोर लावू नका, डोणीला तडा जाईल. दाराला बी धक्का नगं, आज्याचं हाय." डोणी उपसून मोकळी केली तरी हलेना. बानूबाई म्हणाली, "कोपरानं रेटावं तर कोपराला जागा न्हाई. लई जागा वाचवली बया!" मालक त्याच चार माणसांना शोधावयास गेले.

ते गेल्यावर दाराबाहेरून बायजा म्हणाली, "आये, कळ आली गं." मी म्हणाले, "येते." असे बरेच वेळा झाले. पुढे ती बोलेनाशी झाली, दारावर नुसता हात आपटू लागली. मग तोही थांबला.

न्हाणी व हैबतरावांचे स्वयंपाकघर यांमधली भिंत म्हणजे कारवीच्या काड्यांचा कूड आहे, शेणामातीने लिंपलेला. तो मी बंबाच्या लाकडाने फोडला. आधी हाक दिली, "रत्नाबाई, भाकरी बाजूला घ्या, आमी येतोय." रत्नाबाई म्हणजे हैबतरावांचे कुटुंब. त्या लगेच पलीकडून कारव्या ओढू लागल्या.

त्यांच्या चुलीजवळून आम्ही बाहेर पडलो व आपल्या घरात शिरलो. बायजा न्हाणीच्या दाराशी खाली बसली होती. तिला माजघरात नेले. मुलगी झाली. दोघी नीट आहेत.

तोवर मालक चौघांना घेऊन आले होते. ते न्हाणीचे दार रेटत होते व आम्हांस धीर देत होते. आत कोणी नाही हे त्यांना पाठीमागून मूल रडले तेव्हा समजले.

हैबतरावांची फिर्याद अशी की, भिंत फोडली आणि परजातीची बानूबाई जवळून गेल्याने चूल बाटली. भिंत मी फोडली. बाटण्याबाबत एवढेच, की हैबतराव बानूबाईच्याच हातावर जन्मले. त्या वेळी त्यांनी आरडाओरडा केला होता, पण फिर्याद दिली नव्हती. नंतर मालक व ते चौघे डोणी सरळ करावयास त्याच चुलीजवळून, त्याच भोकातून आत गेले. त्यांच्याबाबत फिर्याद नाही.

विचारल्यावरून सांगते की, कूड लिंपून देण्यास माझी ना नाही. पण आता नाही. बानूबाई रोज नातीला न्हाऊ घालते तेव्हा तिचे पाय त्या भोकातून पलीकडे जातात व पुरते लांब होतात. ऊन पाणी रत्नाबाई तिकडून देतात. नंतर त्या नि मी भोकाशी थोडा वेळ बसतो. काय बोलतो, त्याचा या फिर्यादीशी संबंध नाही. त्यांच्या घरात आतून कडी लागणारी एकही जागा नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. सांगितले तसाच उतरला आहे.

राजाबाई हिचा डाव्या हाताचा अंगठा.