दोन भाकरींचा कागद

नाही ताई, मला नको खाण्याचा कागद. वजन केलंत, रक्त घेतलंत, पुष्कळ झालं. दिवसाला किती भाकरी विचारलंत म्हणून सांगते — माझं काय, एखादी. पण आमच्या ह्यांना सहा लागायच्या, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, ह्या एवढ्या. लागणारच ना — इथे फैजपूरच्या मळ्यांत केळीच्या कापणीला असायचे, घड खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत, दिवसभर तेच. खाल्लेलं कुठे जिरायचं, कळायचं नाही. मग पाय मोडला. सहा महिने खाटेवर. मी मात्र सहाच वाढायची — आजारी माणसाचं ताट कमी कसं करायचं? पोट सुटलं, तपासलं तर साखर निघाली. तेव्हा अशाच शिबिरात एका ताईंनी कागद दिला — दोन भाकरी, भात बंद, गोळी दोन वेळा. मी तो चुलीमागच्या भिंतीला चिकटवला. मोजून दोन. साखर आली खाली. गल्लीत सगळ्या म्हणायच्या, पुष्पाबाईनं नवरा वाचवला — ते चढलं मला, खोटं कशाला बोलू?

पाय बरा झाला, ते परत कापणीला जायला लागले, आणि मी? मी भाकरी दोनच देत राहिले, गोळीही दोन्ही वेळा. तो कागद बसलेल्या माणसाचा होता. त्या ताईंचा दोष नाही — त्यांनी विचारलं होतं, काम काय करतात, मीच म्हणाले, काही नाही, पडून असतात. चौथ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "अजून एक दे गं, हातपाय थरथरतात." मी टोपली मागे ओढली. म्हटलं, "परत खाटेवर पडायचं शे का?" ताटातला चुरा बोटानं टिपून खाल्ला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घडासकट खाली पडले. सोबत कापणीला असलेल्या झिपरूभाऊंनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, साखर पार उतरली. एवढं अंगमेहनतीचं काम सुरू केलं तर खाणं वाढवायचं, गोळीचं विचारायला यायचं. बठ्ठं, सगळंच्या सगळं शिवार केळीनं भरलेलं, ताई, आणि माझा माणूस साखरेवाचून गेला.

सुलक्षणाला, मुलीला, ते भाकरीचं ठाऊक नाही. तिला वाटतं, हृदय बंद पडलं. मीच तसं सांगितलं — का पाहताय असं? तुमच्याजवळ तरी का बोलले, कोण जाणे. मागच्या बाई कधीच्या उभ्या आहेत. बोलवा त्यांना.