अण्णाचे पेपर

लिवा की. मी सांगते, तुमी लिवा. माझ्या जन्मात असं पैल्यांदाच व्हायलंय बघा, न्हायतर आजपतूर दुसऱ्यानं सांगायचं आन मी लिवायचं. नाव महादेवी, गाव मैंदर्गी. आमच्या घरात कन्नड आन दारात मराठी, राग आला की अजून माझ्या तोंडात कन्नडच येतंय, तेवढं तुमी गाळा. अप्पाचं बाजारात बारकं किराणा दुकान, अव्वा घरात, आन आमी दोघंच, अण्णा थोरला आन मी धाकटी. अण्णाला जन्मापासनं दिसत न्हाय. दिसत न्हाय म्हनून त्याला शाळेत घालायचं कुनाला सुचलंच न्हाय, मग लई उशिरानं सोलापूरच्या अंध शाळेत घातलं, तवर मी त्याला गाठलं की, आन बारावी आमी दोघं एकाच साली पास झालो. मार्क माझे जास्त होते. सांगते, आता कशाला लाजू.

मग दोघांची नावं घालायला अप्पा आमाला घेऊन सोलापुरातल्या एका मोठ्या कॉलेजात गेले. नाव घेत न्हाय कॉलेजाचं, घेऊन काय करायचंय. तितं एक सहाय्य केंद्र होतं, दिव्यांग पोरं, खेड्यातली पोरं, ज्यांच्या घरात कुनी शिकलेलं न्हाय अशी पोरं, सगळ्यांच्यासाठी. बोर्ड म्हनाल तर हा एवढा, त्याच्यावर रंगानं लिवलेलं, लेखनिक मिळेल. लेखनिक म्हंजे काय, दिसत न्हाय त्यानं तोंडानं उत्तर सांगायचं आन शेजारी बसलेल्यानं ते कागदावर उतरवायचं. मला लई बरं वाटलं, म्हनलं अण्णाची सोय झाली, आता आमी एकाच वर्गात शिकू.

आत गेलो तर केंद्राचे सर म्हनले, सोय हाय, पन आत्ता लेखनिक कोन न्हाय, तुमचा तुमी आना. मात्र तो विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला पायजे, त्याच वर्गातला चालत न्हाय, नियम हाय. अप्पा म्हनले, ही बहीण लिवती की. सरांनी माझ्याकडं बघितलं, म्हनले, ह्यांनी नाव घातलं तर चालनार न्हाय, न्हाय घातलं तर चालंल. असं सहज बोलले, चहा सांगू का इचारल्यागत. आई जेवू घालीना आन बाप भीक मागू दीना, तसली गत. भाईर आल्यावर अप्पा म्हनले, एक वरीस थांब गं पोरी, त्याचं रांगेला लागू दे. मी अण्णाकडं बघितलं. तो माझा हात धरून उभा होता.

सात रस्त्याच्या अंगाला एक खोली घेतली आमी. मी सैपाक करायची, अण्णाला कॉलेजात सोडायची, दुपारी बसून त्याला पुस्तकं वाचून दाखवायची. एकदा न्हाय समजलं तर परत वाचायची. म्हंजे बी. ए. कोन करालतं, सांगा बरं तुमी? दुसऱ्या सालाला मी हट्ट केला, म्हनलं आता मी एक वर्ग मागं हाय, आता तर नियमात बसतंय. केंद्रात गेले तर सर म्हनले, घाला की नाव, पन तुमची परीक्षा आन त्याची परीक्षा एकाच दिवशी येनार, मग त्याच्याजवळ कोन बसनार? मी म्हनलं, तुमी द्या की कुनीतर, बोर्डावर लिवलंय न्हवं. म्हनले, बघू फुडच्या वर्षी. नाव मोठं लक्षन खोटं.

एक सांगते, राज्यशास्त्राचा पेपर होता शेवटच्या सालाचा. प्रश्न लोकसभेचा आन अण्णा सांगालता राज्यसभेचं. मला सगळं पाठ होतं हो, मीच तर वाचून दाखवलेलं! पन लेखनिकानं तो म्हनंल तेच लिवायचं, एक शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाय. पर्यवेक्षक मागं उभा. माझा पेन थांबला, तर अण्णाला कळलं, म्हनला, काय गं, थांबलीस? न्हाय म्हनलं, शाई अडली. आन लिवलं, तो म्हनला तसंच. भाईर येऊन नळाखाली तोंड धुतलं आन लई रडले. त्याचे मार्क गेले म्हनून न्हाय रडले मी. उत्तर मला येत होतं, आन ते द्यायला कागद माझा न्हवता.

अण्णा पास झाला, परीक्षा देऊन बँकेत लागला. माझं लगीन झालं, नाव घालायचं ऱ्हाऊनच गेलं, मालक चिंचोळी एमआयडीसीत, मग मी बी तितंच लागले, टावेलच्या कारखान्यात घड्या घालायला. माझ्या मागनं आलेल्या पोरी पदवी दाखवून आफिसात खुर्चीवर बसल्या. एकदा अण्णाला म्हनलं, नाव घालायच्या दिवशी तू तरी बोलायचं होतंस रे. तो म्हनला, बोललो असतो तर माझं कोन लिवलं असतं? अण्णा वाईट न्हाय हो, तसं समजू नका. पन राग जात न्हाय माझा, काय करू.

गेल्या साली त्याच कॉलेजानं अण्णाला पावना म्हनून बोलावलं. त्याला धरून स्टेजवर मीच नेलं. अण्णा बोलला, केंद्राचे आभार मानले, आन मग म्हनला, ही माझी बहीण महादेवी, हेच माझे डोळे. टाळ्या म्हनता! माझ्या मनात आलं, डोळ्याला कोन इचारतंय, बाई तुला शिकायचं होतं का?

खाली उतरले तर केंद्राच्या दारात दोन पोरी उभ्या. थोरलीला दिसत न्हाय, दुसऱ्या सालात चाललेली, आन धाकटी तिचा हात धरून. धाकटी नुकतीच बारावी झालेली. इचारलं, तू कशात नाव घातलंस गं? म्हनली, न्हाय घातलं मावशी, अक्काचे पेपर लिवायचे हायत, एक वरीस थांबनार हाय. साकु, म्हनलं मी, पुरे झालं! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. आत गेले. सर नवे, बोर्ड नवा, गारव्याचं मशिन लावलेलं, आन बोलनं तेच, आत्ता लेखनिक कोन न्हाय. मी म्हनलं, लिवून घ्या, हिचे पेपर मी लिवनार, आन ह्या धाकटीचं नाव आजच्या आज घाला.

परवा पैला पेपर झाला. कारखान्यात खाडा पडला, पडू दे. देव त्या दोघींचं बरं करो, मनापासनं म्हनते. धाकटी शेजारच्या वर्गात गेली, सोताचा पेपर लिवायला. मी थोरलीजवळ बसायला गेले तर पर्यवेक्षक पोरगा आला, माझ्याकडं, माझ्या पांढऱ्या केसांकडं बघालता, म्हनला, बाई, शिक्षण? बारावी, म्हनलं. म्हनला, फुडं काय शिकला न्हाय न्हवं, बघा हं, शिकलेलं चालत न्हाय. न्हाय म्हनलं बाबा, शिकले न्हाय. मग बसा, म्हनला.