इंडियन सोनार

अक्कम्मा : तुमीच सांगा बाई ह्यांना. उद्यापास्नं गिरणीत जानार म्हणं. बापजाद्यांचं सोनारकाम सोडून.

गुरुसिद्धप्पा : तिचं काय ऐकताय. मठातल्या देवाच्या मागं चांदीची प्रभावळ करायला दिलीया. पानाची नक्षी उठवायला गेलो की टोकाला पत्रा फाटतोय. हात गेला माझा. सकाळी मठात सांगून टाकतो, दुसरा सोनार बगा.

पद्मजा : उद्याचं उद्या, अप्पा. आधी हे यंत्र डोळ्यांना लावा. आमच्या शाळेच्या मडमेकडून आजच्यापुरतं मागून आणलंय, खास तुमच्यासाठी. एकाच जागेची दोन चित्रं आहेत, एकेका डोळ्याला एकेक. जरा थांबा, जुळतील.

गुरुसिद्धप्पा : दोन-दोन दिसतंय सगळं... थांबा. आत लांबपतुर गेलं की हे.

(गुरुसिद्धप्पा हात पुढे करून हवेत चाचपतो.)

अक्कम्मा : काय चाचपडताय? भिंत हाय तितं.

गुरुसिद्धप्पा : भिंत न्हाय, डोंगर हाय. एकाच्या डोक्यावर एक घरं. पांढरी, चुन्यानं धुतल्यागत. गल्ल्या कुटनं निगत्यात, कुटं जात्यात, पत्त्या न्हाई. आनि मदी देऊळ. दोन शिकरं. बाई, दगडाला पानं फुटल्यात की.

पद्मजा : चर्च आहे ते, त्यांचं देऊळच म्हणा. मेक्सिको देशातलं टास्को गाव. डोंगराच्या पोटात चांदी. दोनशे वर्षं होत आली, खाणीच्या एका मालकाला अमाप चांदी लागली. देवानं दिलं म्हणून त्यानं हे देवाला बांधून दिलं.

अक्कम्मा : मालकानं काय सोता छिन्नी धरली नसंल.

पद्मजा : कुठली धरतोय. राज्य स्पेनच्या लोकांचं. खाणीत उतरायचे, दगड वाहायचे ते तिथलेच गरीब. कितीतरी वर आलेच नाहीत.

गुरुसिद्धप्पा : दुसरं लावा.

पद्मजा : हे आतलं. लाकूड कोरून वर सोन्याचा वर्ख दिलाय.

(गुरुसिद्धप्पा यंत्र डोळ्यांना आणखी घट्ट धरतो.)

अक्कम्मा : काय दिसतंय, सांगा की.

गुरुसिद्धप्पा : काय सांगू? जमिनीपास्नं आढ्यापतुर पानं, फुलं, देवदूत. बोट टेकायला मोकळी जागा ठेवली न्हाई. आंगावर काटा आला बग. जल्मभर नक्षी केली मी, पर असं कदी सपनात बी आलं न्हाई. आनि ह्या तिसऱ्या चित्रात ह्यो कोन, घराच्या दारात चांदी ठोकत बसलाय?

पद्मजा : मागं छापलंय. 'इंडियन सोनार.'

गुरुसिद्धप्पा : इंडियन? म्हंजे आपला मानूस. सोलापूर ठेसनावर पाट्या हायत की, सायबाची खोली येगळी, इंडियनची येगळी. अक्कम्मा, ये, बग. आपली मानसं एवढ्या लांब गेली आनि हे करून बसली. म्हंजे हे आपल्या रगतातच हाय. आन तो पत्रा हिकडं. मठात काय सांगायचं न्हाई.

अक्कम्मा : देव पावला. बाई, तुमचं तोंड का उतरलं?

पद्मजा : अप्पा, खोटं नाही बोलवत. ते आपले नव्हेत. फार पूर्वी एक दर्यावर्दी आपला देश शोधायला निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. त्याला वाटलं, पोचलो. तिथल्या माणसांना इंडियन म्हणून मोकळा झाला. पुढं चूक कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अक्कम्मा : अय्यो, कशाला बोलला बाई? आत्ता कुटं पत्रा हातात घेतला हुता त्यांनी.

पद्मजा : उद्या दुसरं कुणी सांगितलं असतं, आणि वर हसलं असतं. ते बरं झालं असतं का अक्का?

अक्कम्मा : आवो, पत्रा खाली का ठेवताय?

गुरुसिद्धप्पा : त्या सोनाराला ठावं असंल का हो, नाव दुसऱ्याचं हाय म्हणून?

पद्मजा : नसेल बहुतेक.

गुरुसिद्धप्पा : बगा. वळख न्हाई, पाळख न्हाई, आनि आपलं नाव लावून एवढं देखणं काम केलं त्यांनी. आता आमीच फाटका पत्रा टाकून पळालो, तर नाव कुनाचं जाईल?