पंपाचा आवाज, माणसाचा आवाज

मुलगी: त्यांना ऐकू येतं हो. उत्तर द्यायचं नसतं, एवढंच.

तपासनीस: वडील काचेपलीकडे बसलेत, कानांवर हेडफोन आहे. मोकळेपणी बोला. असं का वाटतं तुम्हाला?

मुलगी: पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडलं मी. बाबांच्या दारात उभं राहून विचारलं, ‘परत राहायला येऊ का?’ त्यांनी बुटाचे बंद बांधले आणि कामावर निघून गेले. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून भाड्याच्या खोलीत राहतेय.

तपासनीस: पुन्हा नाही विचारलंत?

मुलगी: असलं दोनदा विचारतात का कोणी? आज त्यांच्यासोबत यायला कोणी नव्हतं म्हणून आले, कानांची तपासणी झाली की जाणार.

तपासनीस: हा आलेख बघा. नेहमीच्या बोलण्यातलं निम्म्याहून अधिक त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

मुलगी: मग पंप बरे पोचतात! पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढलीत त्यांनी. परवाच म्हणाले, तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग जाणार. खोललं, तर खरंच गेलेलं.

तपासनीस: कसं ओळखलं?

मुलगी: ऐकून! तेच तर सांगतेय मी.

तपासनीस: (काचेपलीकडे हाताने खूण करून, मोठ्याने) काका, बाहेर या जरा. इथे, माझ्यासमोर बसा. पंपाचं बेअरिंग कसं ऐकता तुम्ही?

बाबा: त्यात काय! लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ इथे, कानामागे.

तपासनीस: कानावर नाही?

बाबा: बाकीचे कानावरच धरतात. मीही धरायचो. सात-आठ वर्षांपासून तिथे आवाज नीट येईना, म्हणून मूठ मागे सरकवली. तिथे अगदी स्वच्छ. म्हणून तर म्हणतो, माझे कान ठणठणीत आहेत. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

मुलगी: आणि तुम्ही? तुमचंच बोलणं ऐकायला जवळ सरकावं लागतं!

बाबा: काय म्हणाली ही?

तपासनीस: काही नाही, काका. तुमचा स्क्रू ड्रायव्हर समजा हा. आवाज आला की बटण दाबा.

(ती त्यांच्या कानामागच्या हाडावर चपटं, छोटं यंत्र बसवते.)

बाबा: आला. हाही आला. हा फार बारीक होता, पण आला.

मुलगी: एवढा बारीक?

तपासनीस: कानात पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात. ती हलली की आवाज आत पोचतो. यांचं शेवटचं हाड घट्ट बसलंय, असं दिसतंय. दार अडकलंय, आतली खोली शाबूत आहे. स्क्रू ड्रायव्हर दाराला वळसा घालून कवटीतून थेट आत जातो. नात्यात कोणाला होतं असं? काका, तुमच्या घरी कोणाला कमी ऐकू यायचं?

बाबा: थोरली बहीण. पस्तिशीतच बहिरी झाली. पण ती पंपघरात नव्हती.

तपासनीस: पंपांनी थोडं बिघडवलंय तुमचंही, उंच आवाजांत. ते आतल्या नसांचं, ते भरून येत नाही. पण मुख्य त्रास पंपांचा नाही, घराण्यातून आलेला दिसतो. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवते. शस्त्रक्रिया होऊ शकते, नाहीतर यंत्र लावता येईल.

मुलगी: आणि हळू बोलणं?

तपासनीस: त्यांचा स्वतःचा आवाज हाडातून त्यांना मोठा ऐकू जातो. त्यांना वाटतं, आपण पुरेसं मोठ्याने बोलतोय.

मुलगी: मला वाटायचं, रागाने पुटपुटतात.

तपासनीस: हा माइक त्यांच्या यंत्राला जोडलाय. बोला. अगदी हळू.

मुलगी: बाबा...

बाबा: अगं, ओरडतेस कशाला!

मुलगी: कुजबुजतेय मी.

बाबा: हो का? मग तुझ्या आवाजाला काय झालं? सर्दी झालीय?

मुलगी: नाही. बाबा, मी घरी राहायला येऊ का?

बाबा: हे विचारायला इतक्या लांब आणलंस मला?

मुलगी: मागे विचारलं होतं. दारात. तुम्ही बुटाचे बंद बांधत होता.

बाबा: तेव्हा? मला वाटलं, भेटून परत निघालीस, निरोप घेतेयस. तुला जाताना बघवेना, म्हणून मान खालीच ठेवली.

मुलगी: पाच महिने, बाबा.

बाबा: पाच महिने मी पण तेच म्हणतोय, घरी ये. घरातल्या तुझ्या खोलीत एक नट-बोल्टसुद्धा ठेवलेला नाही मी. अहो बाई, हे कानामागचं काढू नका इतक्यात. हं, आता पुन्हा विचार.