मागची सीट

खंडेराव गेटजवळच्या गॅरेजात माझ्या स्कूटरचं काम चालू होतं. शेजारी एक जुनी मोटारसायकल उभी होती आणि तिच्याजवळ सत्तरीतलं एक जोडपं मिस्त्रीशी बोलत होतं.

"भैया, आरसा इतना काँपता है कि पीछे बैठी हुई ये दिखती ही नहीं."

"इंजन का बोल्ट ढीला था बाबूजी, कस दिया. माताजी, आपको पीछे कुछ लगता है?"

"पैर सुन्न हो जाते हैं, भैया."

बाईंचा नवरा मराठीवर आला, तसे या हिंदी मुलखात मी कान टवकारले.

"कधीपासून गं, अनुसूया?"

"ही गाडी जुनी घेतली तेव्हापासून. चाळीस वर्षं झाली."

"मला हँडलवर कधी एवढं जाणवलं नाही."

"तुम्ही मागे कधी बसलात?"

"बाबूजी, मैं चलाता हूँ. आप पीछे बैठिए."

मिस्त्री त्यांना मागे बसवून छावणीपर्यंत फिरवून आला.

"एवढ्याशा फेरीत पायांना मुंग्या आल्या गं."

"मी एरच गावापर्यंत तशीच बसायचे. तिथं बेतवेत पाय बुडवले की बरं वाटायचं."

"मला वाटायचं, तुला नदीत पाय सोडून बसायची हौस आहे."

"हौसही होतीच."

"बाबूजी, पीछे के फुटरेस्ट में रबर ही नहीं है, सिर्फ लोहा है. नया लगा दूँ?"

"लगा दो. अनुसूया, चाळीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाहीस."

"बोलले असते, तर तुम्ही मला बसनं पाठवलं असतं."