खर्चाचा रकाना

"हॅलो? … चिमे, हळू बोल. कोण शिरलंय दवाखान्यात?"

ताईने ऑफिसच्या टेबलावरचा जेवणाचा डबा बाजूला सारला. ती ज्या देशात नोकरीला आली होती, तो देश इतर देशांना मदत देई. त्या मदतीचे आकडे जमवून सरकारच्या वेबसाइटवर टाकायचे, हे तिचं नऊ वर्षांचं काम. धाकटी चिमी मायदेशीच राहिली, गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून. आत्ता ती औषधांच्या खोलीत, दाराला कपाट लोटून बसली होती.

"हो, हो… अगं ऐक ना. कोठीवाले काका कुठायत? … तुझ्याजवळच? … डोक्यातून रक्त? … रडू नकोस. अ‍ॅप्रन काढ आणि घट्ट दाबून धर."

काका पंचवीस वर्षं तिथली औषधं सांभाळत होते. सकाळी गॅरेजवाल्याची बायको बाळंतपणात गेली. रक्त थांबवायचं इंजेक्शनच शिल्लक नव्हतं. तासाभरात तो पंधरा-वीस जणांना घेऊन आला. हातात लोखंडी पहार आणि खिशात एक कागद.

"कसला कागद? … काय ओरडतायत तेवढं सांग. … बाळंतविभाग… चाळीस लाख…"

कागद सरकारच्या वेबसाइटवरून छापलेला होता. तो तक्ता तिचाच होता. चाळीस लाख आले आणि काकांनी गिळले, असा त्या माणसांनी अर्थ लावला होता.

"चिमे, ते नुसते मंजूर झालेत. मंजूर म्हणजे दिले नव्हेत! दारातून ओरडून सांग त्यांना. … ऐकत नाहीत? … तो आवाज कसला? … चिमे?"

दार फुटलं होतं. कपाट कोसळलं, बाटल्यांचा चुरा झाला. मग चिमीची किंकाळी, आणि मऊ काहीतरी ठेचल्यासारखा आवाज. पहिल्या फटक्याला काका ओरडले. दुसऱ्याला ओरडले नाहीत.

मग कुणीतरी फोन हिसकावून घेतला. धापा ऐकू येत होत्या.

"दादा? गॅरेजवाले दादा ना? मी मास्तरांची थोरली. बाबांची स्कूटर तुमच्याकडेच असायची. … हो, तो कागद मीच केलाय. पहार खाली ठेवा, दादा. दोन मिनिटं ऐका, मग काय करायचं ते करा."

तिने समजावलं : पहिला रकाना मंजुरीचा, तो नुसता शब्द दिलेला. खरा हिशेब दुसऱ्या रकान्यात, खर्चाच्या. बोलता बोलता ती फाइल उघडत होती. तिथे शून्य असू दे, एवढंच तिच्या मनात होतं. पण कागद त्याच्या हातात होता. त्यानेच आधी वाचलं.

"…हो. अडतीस लाख. दिसतंय मला."

पलीकडे पुन्हा गलका उसळला. समोरच्या टेबलावरून साहेबांनी मान वर केली आणि हाताने खुणावलं, पुरे. ताई उभी राहिली.

"दादा, ते पैसे तुमच्याकडे आलेच नाहीत. … काकांनी नाही, तिथल्या कुणीच नाही. ते इथेच खर्च झाले. सल्लागारांच्या फीवर. पाहणीच्या दौऱ्यांवर. अहवालावर. … हो, तरी मदत म्हणूनच लिहितो आम्ही. … तो तपशील दुसऱ्या तक्त्यात असतो. शोधला तरच सापडतो. … वेगळा ठेवायला वरून सांगितलं होतं. ठेवला मी."

गलका हळूहळू विरला. पहार फरशीवर पडल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने फोन चिमीच्या हातात आला.

"मानेपाशी बघ. … बोटं नीट टेकव. … पुन्हा बघ, चिमे. … बरं."

पलीकडे एक पुरुष मोठ्याने रडू लागला. काका, उठा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताईने आवाज ओळखला, तो गॅरेजवालाच होता. ती काही बोलणार, तोच चिमीने फोन ठेवला.