दहा अक्षरांचा माणूस

...आणि छोट्या नावाचा माणूस यांना मिळतच नाही का हो? नाही, तुम्हीच सांगा. एवढा मोठा देश, वरून पनामा, व्हेनेझुएला, जपान, कुठून कुठून माणसं गोळा करून आणतात, आणि माझ्या वाट्याला काय, तर या खांद्यावरून निघून त्या खांद्यावरून काखेत उतरणारी नावं. एकतीस वर्षं मी बफेलोच्या फेरीमेन संघाचे बेसबॉलचे शर्ट शिवते. शिवते म्हणजे शर्ट तयारच येतात, पाठीवरची नावं तेवढी माझी. मैदानाच्या पोटात, बॉयलरच्या भिंतीला लागून माझी खोली, तिथे एक मशीन, एक इस्त्री, एक जुना टीव्ही आणि फळीवर सव्वीस डबे, ए पासून झेडपर्यंत. गडी आला की नाव शिवायचं, गेला की उसवायचं. कोण का आला, कोण का गेला, त्यात संघाचं भलं झालं की वाटोळं, ते वरच्या मजल्यावरच्यांनी बघावं. मला काय, मी अक्षरं शिवते.

पण जुलैचा शेवटचा दिवस उजाडला ना, की मी दोऱ्याची रिळं दुप्पट काढून ठेवते. का, तर त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत संघांना आपापसात खेळाडूंची अदलाबदल करता येते, सहानंतर दार बंद. मग काय विचारता, सकाळपासून वर फोन, खाली फोन, आणि मधे मी. तीन वर्षांपूर्वी एक गडी दुपारी बाराला आमचा झाला आणि तीनला दुसऱ्यांचा झाला. मी त्याचं नाव शिवलं, मीच उसवलं, त्या माणसाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. आडनाव मात्र अजून पाठ आहे, श्वार्ट्झेनग्रूबर. सोळा अक्षरं. तुम्हाला सांगते, बोटं सुजली होती.

आणि त्या दिवशीचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या गावात पोराटोराला ठाऊक. त्या दिवशी कुणी कुणाला मिठी मारायची नाही. कारण असं, की खेळ चालू असताना अदलाबदल पक्की झाली की त्या खेळाडूला मैदानातून, बाकीचे गडी बसतात त्या कट्ट्यावर बोलावतात, आणि तिथे सगळे त्याला एकेक करून मिठी मारतात. काही सांगावं लागत नाही. मिठी दिसली, माणूस गेला. आमचे हे, म्हणजे स्टॅन, एकदा त्याच दिवशी सकाळी स्वयंपाकघरात माझ्या गळ्यात पडले, तर मी पहिला प्रश्न केला, "माझ्या बदल्यात काय घेतलंत?"

तर या वर्षीची गोष्ट. आमचा संघ पहिल्या नंबरापासून तीन सामने मागे. गावात एकच विषय, आता एक तगडा मारणारा आणा, काहीही द्या पण आणा. आणि द्यायचा कुणाला? तर डॅमासो वाल्डिव्हिएसोला. व्ही, ए, एल, डी... मोजा तुम्ही, दहा अक्षरं भरतात. सतरा नंबर, वय छत्तीस, पनामाचा, आमचा कॅचर. म्हणजे मुखवटा घालून मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो. रेडिओवरचा बड शॉनेसी आठवडाभर ओरडत होता, "त्या म्हाताऱ्याला मारता येत नाही, त्याच्याकडून संघाला मिळतं काय? टाकोमाचा संघ त्याच्या बदल्यात टॉलिव्हर द्यायला तयार आहे, टॉलिव्हर! चेंडू तळ्यात घालवतो!" मारता येत नाही हे खरं. दहादा मारायला गेला की आठदा हात हलवत परत. पण अहो शॉनेसी, तुमच्या टॉलिव्हरचा गुडघा खिळखिळा झालाय, ते कोण बघणार? मी बघितलंय, टाकोमावाले इथे खेळायला आले तेव्हा त्याच्या विजारीचा गुडघा मीच मोठा केला होता, पट्ट्याच एवढ्या बांधतो. पण मला कोण विचारतंय. मी अक्षरं शिवते.

आणि डॅमासोकडून काय मिळतं म्हणता? चेंडू टाकणारं एखादं कोवळं पोर घाबरलं, हात आखडला, चेंडू कुठल्या कुठे जायला लागला, की हा मुखवटा वर करून डुलत डुलत त्याच्याकडे जातो, काहीतरी पुटपुटतो, पोर हसतं आणि पुढचा चेंडू सरळ. मी एकदा विचारलं, असं सांगतोस तरी काय रे? म्हणाला, "काही नाही दोन्या लोरेना, मी विचारतो, आज जेवायला काय खाणार. तो जेवणाचा विचार करतो, तेवढ्यात हात मोकळा होतो." आता याचा आकडा कुठल्या रकान्यात धरणार सांगा. दोन्या लोरेना म्हणतो मला, म्हणजे त्यांच्या भाषेत लोरेनबाई. साडेपाच वर्षं इथे आहे, एकदाही शर्ट माझ्या टेबलावर फेकलेला नाही, घडी करून ठेवतो.

तर त्या दिवशी चार वाजता खेळ सुरू. साडेचारला माझ्या दारात कोण, तर लिंडक्विस्टबाई. संघाच्या सगळ्या अदलाबदली याच बाई करतात. अडतीस वर्षांची बाई, आवाज असा की पंखा बंद करावा लागतो. म्हणाल्या, "लोरेन, सतरा नंबरचा दुसरा शर्ट तुमच्याकडे तयार आहे ना?" मी म्हटलं, आहे. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. बस, एवढंच! आता त्या दिवशी, त्या वेळी, त्या नंबराचा शर्ट कोण कशाला विचारतं? मी टीव्हीचा आवाज वाढवला.

सव्वापाचला टीव्हीवर बघते तर काय, कट्ट्यावर डॅमासो उभा आणि सगळे त्याला मिठ्या मारताहेत. म्हातारा प्रशिक्षक, पोरं, पाणी देणारासुद्धा. आणि तुम्हाला सांगते, अख्खं मैदान उभं राहिलं. तीस हजार माणसं. टाळ्या थांबेनात. माझ्या डोक्यावर सिमेंटचं छत थरथरत होतं. बायका डोळे पुसताहेत, एका आजोबांनी टोपी छातीशी धरलेली, आणि डॅमासो बिचारा टोपी हलवतोय आणि इकडेतिकडे बघतोय, गोंधळल्यासारखा.

मी मशीन बंद केलं. म्हटलं, उसवायचंच आहे तर मीच उसवेन, उद्या कुणी ब्लेडने ओरबाडायला नको. तो दुसरा शर्ट घेतला, छोटी कात्री घेतली, आणि एकेक टाका, एकेक अक्षर, टेबलावर ओळीने लावून ठेवलं. रडत होते का? बॉयलरच्या खोलीत धूळ फार असते.

शेवटचं ओ निघालं आणि दार धाडकन उघडलं. कपडे-सामान बघणारा आर्टी. "लोरेन, सतराचा दुसरा शर्ट दे, लवकर! पळत आलेल्याला बाद करताना त्याचा शर्ट पार फाटलाय!"

"कुणाचा?"

"डॅमासोचा, आणखी कुणाचा?"

"अरे तो गेला ना? मिठ्या मारल्या ना सगळ्यांनी?"

"कुठे गेला? त्याची आज दहा वर्षं भरली या खेळात! त्याच्या मिठ्या होत्या त्या! बाई तो दुसरा शर्ट त्यासाठीच विचारत होत्या, चौकटीत लावायला!"

मी कात्री खाली ठेवली. आता हे तुम्हाला सांगायला हवं. या खेळात वरच्या दर्जात दहा वर्षं पुरी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, म्हणून त्या दिवसाचं कौतुक केवढं. आणि दहा वर्षं झालेली, त्यातली शेवटची पाच एकाच संघात, असा गडी असला की त्याला विचारल्याशिवाय कुठे पाठवता येत नाही. नियमच आहे. तो नाही म्हणाला की नाही. मी मनात म्हटलं, सुटलो! आणि मग आर्टीला टेबलावरची दहा अक्षरं दिसली.

"हे काय केलंस तू?"

"आमचा फलंदाजीचा डाव आहे ना? लांबवा म्हणावं."

आता आमच्या संघाची फलंदाजी म्हणजे पाच मिनिटांत आटपणारी. पण आर्टीने वर जाऊन काय सांगितलं देव जाणे, त्या दिवशी पोरांनी काय खेळावं! चेंडू अडवताहेत, बाजूला टोलवताहेत, बुटाची नाडी बांधताहेत, आणि मधेच चुकून चार धावासुद्धा केल्या. शॉनेसी दुसऱ्या दिवशी म्हणाला, काय ती जिद्द. जिद्द कसली, खाली शिलाई चालली होती.

मी एल शिवतेय तोवर डॅमासो स्वतःच आला. नुसत्या बनियनवर, चेहऱ्यावर माती. अक्षरं बघितली, माझा चेहरा बघितला. माझ्या जेवणाच्या डब्यातली खसखशीची पोळी घेतली आणि खात उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणून टाळ्या एवढ्या होत्या होय. मला वाटलं, दहा वर्षांचं लोकांना फारच कौतुक."

तेवढ्यात लिंडक्विस्टबाई आल्या, हातात फोन. माझ्यासमोरच बोलल्या, कारण वेळ नव्हता. पावणेसहा झाले होते. "डॅमासो, टाकोमा तुला मागतंय. टॉलिव्हर देताहेत. तू नाही म्हणालास तर मी आत्ता फोन ठेवते, आणि आपण पुन्हा हा विषय काढणार नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, काल पाठवला असता तर विचारावंसुद्धा लागलं नसतं." शॉनेसी सकाळपासून बोंबलत होता, बाईंना तारीख कळत नाही म्हणून, त्याचा अर्थ मला आत्ता लागला.

त्या म्हणाल्या, "म्हणूनच काल पाठवला नाही."

तुम्हाला सांगते, माझा मशीनवरचा पाय थांबला. या बाईला मी चार वर्षं आकडेमोडीचं यंत्र म्हणत आले.

डॅमासोने बोटांची खसखस झटकली. म्हणाला, "मी जातो. टाकोमात तीन पोरं आहेत, चांगली टाकतात पण घाबरतात. आणि खरं सांगू? दहा वर्षं झाली, शेवटच्या फेऱ्या ऑक्टोबरात खेळतात म्हणे, मी ऑक्टोबरात कायम घरी असतो आणि बायको माझ्याकडून पाण्याची टाकी धुऊन घेते. टाकोमा यंदा तिथवर पोचेल. एकदा खेळायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "पण टॉलिव्हर घेऊ नका. त्याचा गुडघा संपलाय."

"पट्ट्या बांधतो," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे एलिएसेर वू नावाचा पोरगा बसून असतो, डावरा. त्याला कुणी टाकायला देत नाही. मी हिवाळ्यात पनामात त्याचे चेंडू झेललेत, माझ्या तळहाताला विचारा. माझ्या बदल्यात तो मागा. ते हसत हसत देतील."

लिंडक्विस्टबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि फोन कानाला लावत बाहेर गेल्या. आता मला सांगा, असा माणूस पाहिलाय का कुठे? स्वतः चाललाय आणि जाता जाता मागच्यांची सोय लावून चाललाय. आणि बाई तरी कशी. न विचारता पाठवलं असतं तर हाती एक मोडका गुडघा आला असता.

मी हात थांबवला. सहाच अक्षरं झाली होती. म्हटलं, आता कशाला शिवू?

"शिवा दोन्या लोरेना. अजून सहा वाजायचेत." मी शिवलं. दहा अक्षरं, बावीस मिनिटं, आयुष्यात एवढं भरभर शिवलं नाही, आणि एक टाका वाकडा नाही.

तो शर्ट घालून तो कट्ट्यावर गेला. सहाला पाच कमी असताना आतून निरोप आला, पक्कं झालं. आणि टीव्हीवर परत तेच, सगळे त्याला मिठ्या मारताहेत, या वेळी घट्ट, सोडवत नाही अशा. आणि मैदान? एक माणूस उठला नाही. मघाच्या टाळ्या ओसरल्यावर फलकावर झळकलं होतं ना, 'दहा वर्षांबद्दल अभिनंदन'. लोकांना वाटलं, अजून तेच कौतुक चाललंय. शेंगदाणे खात बसले. तीस हजार माणसं चुकीच्या मिठीला उभी राहिली आणि खऱ्या मिठीला बसून राहिली. बॉयलरच्या खोलीत तेवढी मी उभी होते. एकटीने टाळ्या वाजवल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

जाताना तो आला. शर्ट घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वूला सतराच द्या. आणि बघा, तुमच्यासाठी दोन अक्षरांचा माणूस आणलाय."

पुढचं सगळं गावाला माहीत आहे. वूने सात सामने जिंकून दिले, नऊ वर्षांनी आमच्या गावाने ऑक्टोबर बघितला, तिकडे टाकोमाची ती तीन पोरं हसत हसत टाकताहेत, डॅमासोची टाकी या वर्षी तशीच राहिली, आणि शॉनेसी म्हणतोय, मी तर पहिल्यापासून सांगत होतो, टॉलिव्हर नको. म्हणू दे. मला काय, मी अक्षरं शिवते.

फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्ट पुढ्यात घेतला तेव्हा... एकतीस वर्षं मागत होते हो मी छोटं नाव. मिळालं. डब्ल्यू आणि यू. त्या दोन अक्षरांना मला सव्वा तास लागला.